जाणवलेले छायाचित्रात उतरवताना: नवोदितांसाठी मार्गदर्शन

कॅमेरा हाताळण्याची थोडीफार सवय झाली, छायाचित्रे स्पष्ट आणि पुरेशा उजेडाची येऊ लागली, की बहुतेक नवोदितांना एक नवीच अडचण भेडसावू लागते. दृश्य पाहताना मन ज्याने भारावले होते त्याचा छायाचित्रात मागमूसही नसतो. सगळे काही जागच्या जागी असते, पण पाहणाऱ्याच्या मनात काही उमटत नाही. याचे कारण उपकरणाच्या दर्जात क्वचितच सापडते. आपण पाहतो तेव्हा मन नकळत निवड करत असते: एखाद्या चेहऱ्यावर किंवा एखाद्या उजळलेल्या कडेवर ते खिळते आणि भोवतीचा पसारा दृष्टीआड करते. कॅमेऱ्याला मात्र चेहरा आणि त्यामागची विजेची तार यांत फरक करता येत नाही, तो दोन्ही सारख्याच निष्ठेने नोंदवतो. मनाने आपोआप केलेली ती निवड छायाचित्रकाराला हातातल्या साधनांनी, जाणीवपूर्वक, पुन्हा करावी लागते. ती कशी करावी हे पुढे क्रमाने सांगितले आहे. फोन असो वा स्वतंत्र कॅमेरा, बहुतेक गोष्टी दोन्हींना लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे तो नोंदवला आहे.

पहिली पायरी: कॅमेरा उचलण्यापूर्वी एक वाक्य

दृश्यासमोर थांबल्यावर लगेच बटण दाबू नये. आपण इथे का थांबलो याचे उत्तर एका पूर्ण वाक्यात, शक्य असल्यास वहीत, लिहावे. ‘जुना दरवाजा’ हे उत्तर नव्हे, कारण ते केवळ वस्तूचे नाव झाले. ‘या दरवाज्याचा रंग उन्हाने सोलून काढला आहे’ हे वाक्य उपयोगी आहे, कारण त्यातून पुढचे निर्णय आपसूक निघतात. रंगाचे पापुद्रे दाखवायचे असतील तर उजेड बाजूने आणि तिरपा हवा, म्हणजे प्रत्येक पापुद्र्याची सावली पडेल. जवळ जायला हवे. दाराची चौकट, कुलूप आणि भिंत यांची गरज नाही. त्याच दरवाज्याबद्दल ‘याच्या आड कोणीच राहत नाही’ असे वाटले असते, तर दूर उभे राहून, दाराभोवती मोठी रिकामी भिंत ठेवून चित्र घ्यावे लागले असते. वस्तू तीच राहते, वाक्य बदलले की छायाचित्र बदलते.

या सवयीचे एक नामांकित उदाहरण अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या कामात सापडते. १९२७ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर ते पोहोचले तेव्हा त्यांच्याकडे छायाचित्र उमटवण्याच्या काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून घेतली. ती घेतल्यावर त्यांच्या लक्षात आले की या चित्रात आकाश फिकट दिसेल आणि कड्याचा जो दरारा आपल्याला जाणवतो आहे तो त्यात येणार नाही. दुसऱ्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे निळे आकाश जवळजवळ काळे उतरले आणि कडा त्यासमोर तळपून उठला. छायाचित्र घेण्याआधीच ते मनात पूर्ण पाहून घेण्याच्या या पद्धतीचा त्यांनी पुढे आयुष्यभर आग्रह धरला. आज हाच परिणाम रंगीत चित्र संपादन ॲपमध्ये कृष्णधवल करताना निळ्या रंगाची पट्टी खाली ओढून साधता येतो, पण काय साधायचे आहे हे आधी ठरलेले असावे लागते.

दुसरी पायरी: उजेड वाचायला शिकणे

सर्वाधिक वेळ याच पायरीवर द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विषय कितीही आकर्षक असला तरी त्याच्यावरचा उजेड निरस असेल, तर थांबणे किंवा पुन्हा वेगळ्या वेळी येणे हाच योग्य निर्णय असतो. उलट अगदी सामान्य वस्तूही योग्य उजेडात पाहण्याजोगी होते.

सुरुवात खिडकीपासून करावी. खोलीतले सर्व दिवे बंद करावेत, खिडकीजवळ एखादी साधी, खडबडीत पृष्ठभागाची वस्तू ठेवावी आणि स्वतः तिच्याभोवती फिरावे. खिडकी आपल्या पाठीशी असेल तेव्हा वस्तू सपाट दिसते, कारण सावल्या तिच्या मागे लपतात. खिडकी आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला आली की वस्तूची एक बाजू उजळते, दुसरी अंधारात जाते आणि पोत व घनता एकदम प्रकट होतात. खिडकी वस्तूच्या मागे आली की कडा झळकतात आणि समोरचा भाग गडद होतो. उजेडाच्या दिशेचे एवढे ज्ञान हातात असेल तर माणसाचा चेहराही याच तऱ्हेने हाताळता येतो. समोरचा उजेड मोकळेपणा दाखवतो, बाजूचा उजेड ताण किंवा गांभीर्य आणतो आणि मागचा उजेड माणसाला आकृतीत रूपांतरित करतो.

उजेड कठोर आहे की मृदू, हे प्रकाशाचा स्रोत वस्तूच्या दृष्टीने किती मोठा दिसतो यावर अवलंबून असते. सूर्य प्रत्यक्षात प्रचंड असला तरी आकाशात तो लहानशी चकती असतो, म्हणून त्याच्या सावल्या धारदार पडतात. ढग आले की सारे आकाशच प्रकाशाचा स्रोत बनते आणि सावल्या विरघळतात. ढगाळ दिवसाला वाईट दिवस समजून कॅमेरा आत ठेवणारे नवोदित पुष्कळ असतात. चेहऱ्यांसाठी, पानाफुलांसाठी आणि सौम्य भावाच्या कोणत्याही चित्रासाठी तोच दिवस उत्तम असतो. अंतराचाही विचार करावा. छोट्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की वस्तूवर पोहोचणारा उजेड एक चतुर्थांश होतो. खिडकी मोठी असल्याने तिच्याजवळ ही घट इतकी तीव्र नसते, तरीही माणसाला खिडकीलगत बसवले तर मागची खोली बरीच गडद उतरते आणि पार्श्वभूमीचा पसारा आपोआप मिटतो.

उजेडाला रंगही असतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण वातावरणाच्या अधिक जाड थरातून येतात, वाटेत निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबूस प्रकाश पोहोचतो. सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ६ अंशांवर गेला की आकाश गडद निळे होते आणि दिव्यांचा पिवळेपणा त्यासमोर उठून दिसतो. कॅमेऱ्याचे स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवून घेणारी सोय, मात्र हे रंग ‘दुरुस्त’ करण्याचा प्रयत्न करते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. मेणबत्तीच्या प्रकाशाचे हे रंग-तापमान सुमारे १,९०० केल्विन असते. त्यातली ऊब हवी असेल तर व्हाइट बॅलन्स सुमारे ५,५०० केल्विनच्या ‘डेलाइट’वर ठेवावे, म्हणजे कॅमेरा ती ऊब पुसून टाकणार नाही.

शेवटी उजेडाचे प्रमाण. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे बर्फ, धुके किंवा पांढरी भिंत त्याच्या हाती दिली की ती मळकट होते आणि काळोखे दृश्य दिले की ते अकारण उजळते. पांढऱ्यासाठी एक्सपोजर, म्हणजे चित्राला मिळणारा उजेड, +१ ते +२ आणि गडद दृश्यासाठी −१ ते −२ असे सरकवावे. फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरले की मोजमाप स्थिर होते आणि मग बोट वरखाली सरकवून उजळपणा बदलता येतो. एवढी एक गोष्ट शिकल्याने छायाचित्राचा भाव किती बदलतो हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय पटत नाही. मावळतीसमोर उभ्या असलेल्या माणसाचे छायारूप हवे असेल तर मोजमाप आकाशावर घ्यावे आणि माणसाला पूर्ण काळा होऊ द्यावे; मात्र त्याचे हातपाय शरीरापासून थोडे सुटे दिसतील असा क्षण निवडावा, अन्यथा काळा ठोकळा तेवढा उरतो.

तिसरी पायरी: चौकटीतून वजाबाकी

चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक गोष्ट मांडत जातो, तर छायाचित्रकाराला भरलेल्या जगातून एकेक गोष्ट काढून टाकावी लागते. चौकट ठरवल्यावर नजर मुख्य विषयावरून हटवून चारही कडांवरून एकदा फिरवावी. कडेला अर्धवट कापलेला हात, कोपऱ्यातला उजळ ठिपका, डोक्यातून उगवल्यासारखा वाटणारा खांब या गोष्टी कडा तपासल्या की लगेच दिसतात. प्रत्येक वेळी विचारावे की ही गोष्ट आपल्या वाक्याला मदत करते का. करत नसेल तर एक पाऊल सरकून, वाकून किंवा जवळ जाऊन ती बाहेर काढावी.

पावलांचा वापर झूमपेक्षा वेगळा असतो हे येथे नीट समजून घेणे आवश्यक आहे. वस्तूंचे परस्परांशी असलेले प्रमाण, म्हणजे जवळची वस्तू किती मोठी आणि दूरची किती लहान दिसते, हे केवळ कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरते. लेन्स त्यातला किती भाग चौकटीत घ्यायचा एवढेच ठरवते. एका झाडाचे चित्र आधी अगदी जवळून रुंद लेन्सने आणि नंतर खूप मागे जाऊन झूमने घ्यावे, दोन्हींत झाडाचा आकार सारखा ठेवावा. पहिल्यात मागचा डोंगर दूर आणि क्षुल्लक वाटेल, दुसऱ्यात तो झाडावर झुकून आल्यासारखा भासेल. एकटेपणा दाखवायचा की दडपण, याचा निर्णय अशा रीतीने पायांनी घेतला जातो. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबात साधारण २४ ते २८ मिमी. तिने चेहरा चौकटभर घेण्यासाठी फार जवळ गेले की नाक मोठे दिसते. त्यासाठी दीड-दोन मीटर मागे सरून फोनची टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ आणणारी, लेन्स वापरावी.

जवळ जाण्याचा परिणाम डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील नायपोमो येथे घेतलेल्या, स्थलांतरित मजूर आईच्या चित्रमालिकेत उत्तम दिसतो. सुरुवातीच्या चित्रात तंबू, सामान आणि मोकळी जागा दिसते. टप्प्याटप्प्याने त्या जवळ गेल्या आणि जगप्रसिद्ध झालेल्या चित्रात आईचा चिंताक्रांत चेहरा, तिचा गालाला टेकलेला हात आणि पाठमोरी मुले एवढेच उरले. पहिले चित्र परिस्थितीची माहिती देते, शेवटचे त्या माणसाचे ओझे आपल्यावर टाकते. माणसांच्या इतके जवळ जाताना त्यांची संमती घ्यावी, आणि कोणी नको म्हटले तर कॅमेरा खाली घ्यावा.

चौकटीचे तीन-तीन भाग करून विषय त्यांच्या रेषांवर ठेवण्याचा नियम सर्वत्र शिकवला जातो. विषय सतत मध्यभागी ठेवण्याची सवय मोडण्यापुरता तो उपयोगी आहे, त्याहून अधिक विश्वास त्याच्यावर ठेवू नये. स्थैर्य किंवा करारीपणा दाखवायचा असेल तेव्हा मध्यभागच योग्य. अस्वस्थता दाखवायची असेल तर विषय अगदी कडेला ढकलावा. आंद्रे केर्तेस यांच्या १९२८ मधील जेवणाच्या काट्याच्या चित्रात ताटलीच्या कडेवर टेकलेला एक काटा आणि त्यांच्या सावल्या यांखेरीज काहीही नाही, तरीही ते चित्र भरलेले वाटते.

चौथी पायरी: काय स्पष्ट ठेवायचे, काय धूसर करायचे

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र, एफ/१.८ सारखे मोठे उघडले (आकडा लहान तितके छिद्र मोठे) की फोकसच्या पुढचा-मागचा थोडाच भाग स्पष्ट राहतो. एफ/११ ला बराच पट्टा स्पष्ट होतो. पार्श्वभूमी धूसर केली की चित्र कलात्मक होते असा समज पसरला आहे, तो सोडून द्यावा. माणूस ज्या जागेत आहे ती जागा त्याच्याबद्दल काही सांगत असेल तर ती स्पष्टच हवी. फोनमधील पोर्ट्रेट मोड धूसरपणा गणिताने तयार करतो आणि केसांच्या कडांवर अनेकदा चुकतो. लहान वस्तूच्या खूप जवळ जाऊन मिळणारा खरा धूसरपणा अधिक सुंदर दिसतो.

धूसरपणाचा आणखी एक, कमी वापरला जाणारा उपयोग आहे: समोर काहीतरी ठेवून त्यातून पाहणे. सॉल लायटर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वाफ धरलेल्या काचांमधून, पावसाच्या थेंबांआडून आणि अर्ध्याहून अधिक चौकट झाकणाऱ्या गडद आकारांआडून रंगीत छायाचित्रे घेतली. पाहणाऱ्याला सगळे दिसत नाही, म्हणूनच तो अधिक वेळ पाहत राहतो. ओल्या काचेवर फोकस करावा, मग तिथेच उभे राहून काचेपलीकडच्या माणसावर करावा, आणि कोणत्या चित्रात आपले वाक्य अधिक ऐकू येते ते तपासावे.

पाचवी पायरी: वेळेशी खेळणे

शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, किती वेळ उघडे ठेवायचे हे ठरवणे म्हणजे डोळ्याला कधीच न दिसणारी गोष्ट दाखवण्याची संधी घेणे होय. १/१००० सेकंदाला पाण्याचा प्रत्येक थेंब गोठतो. त्याच पाण्याला अर्धा ते दोन सेकंद दिले की ते वाहत्या वस्त्रासारखे दिसते. पहिल्यात आवेग असतो, दुसऱ्यात शांतता. कोणते निवडायचे ते पुन्हा पहिल्या पायरीच्या वाक्यावर ठरते.

चालत्या विषयाबरोबर कॅमेरा फिरवण्याची पद्धत, म्हणजे पॅनिंग, सुरुवातीला शिकण्याजोगी आहे. शटर १/३० सेकंदावर ठेवावे, पाय घट्ट रोवून कमरेतून वळावे, सायकलस्वार दूर असतानाच त्याला चौकटीत धरून त्याच्या वेगाने कॅमेरा फिरवायला सुरुवात करावी, समोर आल्यावर बटण दाबावे आणि दाबल्यानंतरही फिरणे थांबवू नये. बहुतेक प्रयत्न वाया जातील. हळूहळू स्वार स्पष्ट आणि मागचे जग रेषांमध्ये ओढलेले असे चित्र हाती येऊ लागेल. ते जमल्यावर १/१५ कडे जावे. त्यानंतर १/४ ते १ सेकंद ठेवून स्थिर विषयासमोर कॅमेराच मुद्दाम हलवून पाहावा: झाडांच्या रांगेसमोर वरून खाली, समुद्रासमोर क्षितिजाला समांतर. १९५० च्या दशकात अर्न्स्ट हास यांनी अशाच मंद शटरने बैलझुंजीची रंगीत चित्रे घेतली. त्या काळच्या रंगीत फिल्मची प्रकाश-संवेदनशीलता फार कमी होती. ही मर्यादा त्यांनी गतीच्या चित्रणासाठी वापरून घेतली.

भर उजेडात मंद शटर वापरले की चित्र पांढरे पडते. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, १०० वर आणावा, ॲपर्चर बंद करत एफ/१६ कडे न्यावे, आणि तरीही पुरले नाही तर एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी गडद काच, लावावा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा; सहा स्टॉपचा फिल्टर १/६४ एवढाच प्रकाश आत सोडतो, म्हणजे १/१२५ सेकंदाच्या जागी सुमारे अर्धा सेकंद मिळतो. अनेक फोनमध्ये लागोपाठच्या चौकटी एकत्र करून असा परिणाम साधण्याची सोय असते. ती वापरताना फोन एखाद्या स्थिर जागी टेकवून ठेवावा.

सहावी पायरी: रंगाला काम देणे

रंग ठेवायचा असेल तर त्याने चित्रात काहीतरी करायला हवे: एका करड्या दृश्यात एकच लाल छत्री, किंवा सगळ्या चौकटीवर पसरलेली एकाच निळ्याची छटा. जिथे पाच-सहा रंग एकमेकांशी भांडत आहेत आणि आपल्याला मात्र आकार, पोत किंवा चेहऱ्यावरचा भाव सांगायचा आहे, तिथे कृष्णधवलचा विचार करावा. कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे सेन्सरची सारी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या, स्वरूपात साठवण आणि पडद्यावर कृष्णधवल दृश्य अशी मांडणी करता येते. त्यामुळे घेतानाच छटांमध्ये विचार करता येतो आणि रंगाची माहितीही सुरक्षित राहते. फसलेल्या चित्राला वाचवण्यासाठी ते कृष्णधवल करू नये, त्याने दोष झाकला जात नाही.

सातवी पायरी: स्वतःवर मर्यादा घालून सराव

महिनाभर एकच विषय आणि एकच लेन्स वापरावी. विषय घरातला असला तर अधिक चांगले, कारण मग नावीन्याचा आधार घेता येत नाही. एडवर्ड वेस्टन यांनी १९३० च्या सुमारास ढोबळी मिरचीची अनेक छायाचित्रे घेतली; त्यांतील तिसाव्या क्रमांकाच्या प्रसिद्ध चित्रासाठी त्यांनी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली, ज्यामुळे उजेड वक्र पृष्ठभागावरून उलटून तिच्या वळणांवर पडला आणि ती मानवी देहासारखी भासू लागली. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९२२ पासून ढगांची छायाचित्रे घेतली आणि आपल्या मनातील अनुभवांची ती समतुल्य रूपे आहेत असे मानले. ढग कोणाच्याही मालकीचे नसतात, त्यामुळे चित्र चांगले झाले तर त्याचे श्रेय दुर्मीळ विषयाला देता येत नाही.

या सरावात रोज एकच बदल करावा: एक दिवस फक्त उजेडाची दिशा, दुसऱ्या दिवशी फक्त उंची, तिसऱ्या दिवशी फक्त शटर. सगळे एकदम बदलले तर कोणत्या बदलाने काय घडले हे कळत नाही.

आठवी पायरी: निवड

रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकाभर फिरून सुमारे २७,००० चौकटी टिपल्या आणि त्यांतून तयार झालेल्या ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात केवळ ८३ आल्या. नवोदिताने हे प्रमाण लक्षात ठेवावे, म्हणजे टाकून द्यावी लागणारी चित्रे पाहून खचायला होत नाही.

घेतलेली चित्रे त्याच दिवशी निवडू नयेत. त्या क्षणाचा उत्साह ताजा असतो आणि जे चित्रात नाही तेही आपल्याला त्यात दिसत राहते. आठवडाभर थांबून, पडद्यावर अगदी लहान आकारात सर्व चित्रे एकत्र पाहावीत. लहान आकारातही जे डोळा ओढून घेते त्याची मांडणी पक्की असते. मग वहीतले वाक्य उघडावे आणि ते न सांगता एखाद्या जाणकाराला चित्र दाखवून त्याला काय जाणवले ते विचारावे. शब्द वेगळे असले तरी भाव जुळला तर चित्र ठेवावे.

ठेवलेल्या चित्रांवर संस्करण कमीत कमी करावे. नजर जिथे जायला हवी तो भाग किंचित उजळावा, कडा किंचित गडद कराव्यात, आणि रंगांची तीव्रता वाढवण्याची पट्टी शक्यतो हात न लावता सोडावी. काम संपले असे वाटल्यावर चित्र एक रात्र तसेच ठेवून सकाळी बदल निम्म्यावर आणावेत; बहुतेक वेळा तेच प्रमाण योग्य निघते. उरलेली चित्रे छोट्या आकारात छापून टेबलावर दोन-दोन करून शेजारी ठेवावीत आणि त्यांच्या जोड्या बदलत राहावे, कारण एका चित्रातली रेषा किंवा छटा शेजारच्या चित्रात पुढे सरकते तेव्हा एकट्या चित्रात न दिसलेला अर्थ समोर येतो आणि पुढच्या महिन्याचा विषयही बऱ्याचदा त्यातूनच सुचतो.